‘सोड’ कोणी म्हणायचं?

“तीन आठवड्यांनी शाळेत सायकलचं प्रशिक्षण सुरू होतंय. ती सूचना आल्यापासून याचं पोट दुखतंय,” आईने एका दमात सांगितलं. मुलगा नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी तपासलं होतं, पोटात काही नव्हतं. “बाकीच्यांना थोडीफार तरी येते हो मॅडम. हा एकटाच पडेल आणि सगळे हसतील. नाव काढून घेऊ का?”

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, म्हणून ही हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाव काढायला मी नको म्हटलं. काढलं असतं तर त्या दिवसापुरतं पोट थांबलं असतं, पण आई-बाबांनाही आपल्याला जमणार नाही असंच वाटतं, हे मुलाच्या मनात पक्कं बसलं असतं. “घाबरतोस कशाला” असंही त्याला कोणी म्हणू नये, एवढं सांगितलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलले.

“पडायची भीती वाटते का रे?”

“नाही.” मग बराच वेळ तो टेबलाची कड नखाने खरवडत बसला. “बाबा म्हणाले होते, धरलंय. मी मागे बघितलं तर ते लांब होते.”

गोष्ट आदल्या वर्षीची. बाबा सीट धरून मागे पळत होते आणि न सांगता त्यांनी हात काढला. मुलाने मागे वळून पाहिलं आणि तो पडला. गुडघा आठवड्याभरात बरा झाला, सायकल मात्र तेव्हापासून भिंतीला टेकून उभी. पुढच्या भेटीत बाबांना विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. “मॅडम, सोडल्यावर तो चांगला वीस फूट एकटा गेला होता! मला माझ्या वडिलांनी असंच शिकवलं.” त्यांच्या आठवणीत ते वीस फूट होते, मुलाच्या आठवणीत रिकामी सीट.

न सांगता सोडल्यावर शिकलेली मुलं पुष्कळ आहेत, ते मला मान्य आहे. पण ज्या मुलाचा एकदा असा विश्वास उडाला आहे, त्याच्यावर तोच उपाय पुन्हा करू नये. मी बाबांना एवढंच सांगितलं की त्याची माफी मागा, आणि “पण” न जोडता मागा. त्यांना ते जड गेलं. तरी मागितली.

त्या दिवशी सायकलही आणायला सांगितली होती. मागच्या अंगणात मुलगा तिच्यावर बसला आणि मला त्याची बोटं दिसली. ब्रेकच्या दांडीवर मधल्या बोटाचं जेमतेम टोक पोचत होतं. खाली चवडेही नीट टेकत नव्हते. सायकल वाढत्या अंगाची घेतली होती. म्हणजे त्याची निम्मी भीती खरीच होती! थांबायचं कसं, हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. भित्रं म्हणून आपण ज्या मुलाला बाजूला करतो, त्याची सायकल आधी तपासावी असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

आईने विचारलं, आधाराची चाकं लावू का? मी नको म्हटलं. त्या चाकांवर सायकल कलतच नाही, आणि कल सावरणं हेच तर शिकायचं असतं. तोल जातो त्या बाजूला हॅन्डल किंचित वळवलं की चाकं पुन्हा अंगाखाली येतात. हे सांगून येत नाही, अंगाला आपोआप कळावं लागतं. त्यासाठी बाबांनी सीट खाली केली, दोन्ही तळवे पूर्ण टेकतील इतकी. ब्रेकच्या दांडीजवळचा बारीक स्क्रू फिरवून दांडी जवळ आणली. पेडल काढून टाकले. डावा पेडल उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो, त्यात बाबांचा बराच घाम गेला.

“ही तर बाळांची सायकल झाली,” मुलगा म्हणाला. मी त्याला सांगितलं, जर्मनीत 1817 साली कार्ल ड्राइस यांनी पहिली दोन चाकांची गाडी चालवून दाखवली तिला पेडल नव्हतेच, मोठी माणसं पायांनी ढकलत जायची. हे त्याला पटलं.

घरचा अभ्यास रोज पंधरा मिनिटं. पहिले काही दिवस फक्त ढकलायचं, ब्रेक दाबायचा, थांबायचं. नंतर दोन्ही पाय उचलून जमेल तितकं घरंगळायचं. “हळू चालव” असं ओरडायचं नाही, कारण वेग फार कमी झाला की सायकल जास्त डगमगते. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर, हनुवटीखालचा पट्टा नीट बसलेला. बुटांची नाडी आत खोचलेली. आणि एकच नियम: धरायचं कधी आणि सोडायचं कधी, ते मुलगा सांगणार. त्याने “सोड” म्हटल्याशिवाय बाबांनी हात काढायचा नाही.

दोन आठवडे त्याने ते म्हटलं नाही. बाबा रोज वाकून धावले. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. पेडल परत बसवल्यावर तिसऱ्या संध्याकाळी मुलाने “सोड” म्हटलं, दोन क्षणांत “धर” म्हटलं, आणि बाबांनी धरलं.

प्रशिक्षकांना आईने आधीच दोन ओळी कळवल्या होत्या: याला न सांगता सोडू नका, आणि सुरुवातीला पायांनी ढकलत राहिला तर राहू द्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. पोट सकाळी दुखलंच होतं. मैदानावर तो दोनदा पडला, एक मुलगा हसलाही. “घरी येऊन काही बोलला नाही मॅडम. सीट आणखी थोडी वर करून द्या म्हणाला फक्त.”