लोकर कातरायची, की केसाळ मेंढी आणायची?

प्रश्न : माझ्याकडे ८० दख्खनी मेंढ्या आहेत. वर्षातून दोनदा कातरणी होते, दर वेळी मेंढीमागे ३० रुपये जातात. लोकर १० रुपये किलोनंही कुणी नेत नाही. तीन महिन्यांचं कोकरू पाच हजारांना जातं. दख्खनी विकून माडग्याळ घ्यावी का? तिची लोकर कातरावी लागत नाही म्हणतात.
– एक मेंढपाळ, ता. माण, जि. सातारा

उत्तर : आधी तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण अर्धा-पाऊण किलो भरड लोकर देते. ती १० रुपये किलोनं गेली असं धरलं तरी तिचे सहा-सात रुपये आणि कातरणीचे ६०, म्हणजे मेंढीमागे ५४ रुपये तोटा. ८० मेंढ्यांचे झाले ४,३०० च्या आसपास. हे तर एका कोकराच्याही किमतीत बसतं. पावसाळ्यात फुप्फुसदाहानं एक कोकरू जास्त दगावलं, की कातरणीचे वाचलेले पैसे गेलेच. म्हणून कातरणीपायी आख्खा कळप मोडू नका.

माडग्याळ घ्यायचीच तर वजनासाठी घ्या. जत भागातली ही मेंढी उंच आणि भारी अंगाची, कोकरं झपाट्यानं वाढतात. पण तेवढा चारा-खुराकही लागतो. नुसत्या माळावरच्या चरणीवर ती वाळते. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्याला, म्हणजे फिरत्या कळपाला, दख्खनीचाच काटकपणा उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या : इंग्लंडमधल्या विल्टशायर हॉर्नची लोकर उन्हाळ्याच्या तोंडाला आपोआप गळते, माडग्याळचं तसं नाही. तिच्या अंगावर मुळातच आखूड केस असतात. त्यामुळे थंड पावसाच्या झडीत तिला आणि कोकरांना कोरडा आडोसा लागतोच.

आमचा सल्ला असा, की एक माडग्याळ नर आणा आणि २०-२५ दख्खनी मेंढ्यांवरच सोडा. दोन वेत झालेल्या, मोठ्या चौकटीच्या मेंढ्या निवडा. पहिलारू मेंढीला भारी नर दाखवला तर कोकरू अडतं. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणून कोकरं पावसात पडणार नाहीत असा बेत नर सोडतानाच करा. कोकरांना वेगळी खूण करून जन्माचं आणि तीन महिन्यांचं वजन लिहून ठेवा, मरतूकही लिहा. पहिल्या पिढीत बहुधा पोट नि पाय उघडे, पाठीवर मात्र लोकर, असा संकर दिसतो. म्हणजे कातरणी लगेच सुटत नाही, त्याला तीन-चार पिढ्या जातात. नराच्या मुली माजावर यायच्या आत तो बदला.

कोकरांची संख्या वाढवायची असेल तर फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेली ‘नारी सुवर्णा’ पाहा. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा गुण तिच्यात दख्खनीशी जोडला आहे. जुळी जगवायची तर मेंढीला व्यायच्या आधी सहा आठवड्यांपासून खुराक हवा. नाहीतर दूध पुरत नाही आणि दुसरं कोकरू हातचं जातं.

प्रश्न : मग कातरणी एकदाच केली तर चालेल का? आणि लोकरीचं करायचं काय?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर : एकदाच करायची तर पावसाळ्याआधीची सोडू नका. भिजलेली लोकर आत वाळत नाही. शेपटीकडे लेंडी-मूत चिकटून माश्या बसतात, अळ्या पडतात, गोचीड लपून राहतात. आदल्या रात्रीपासून मेंढ्या उपाशी ठेवा. भरल्या पोटी उलथ्या टाकल्या तर त्यांना धाप लागते. लोकर पूर्ण कोरडी हवी. व्यायला महिनाभर उरलेल्या मेंढ्या वगळा. कातर कातडीला समांतर धरा. काखेत, कासेजवळ नि मागच्या पायाच्या पडद्यावर कातडी हातानं ताणून घ्या, कापतं ते तिथेच. जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावा. गोचिडाचं औषध त्याच दिवशी नको, जखमा भरल्यावर, १०-१५ दिवसांनी द्या.

लोकर एकाच पोत्यात कोंबू नका. कोकराचं जावळ वेगळं ठेवा, घोंगडी विणणारे ते आवर्जून मागतात. काळी लोकरही निराळी बांधा, तिला रंगवावं लागत नाही. पोटाखालची आणि शेपटीकडची घाण लोकर डाळिंबाच्या झाडाला घाला. आळ्यात वीतभर खोल चर काढून झाडाला पाव किलो टाका आणि मातीनं नीट झाका, उघडी राहिली तर कुत्री नि पाखरं ओढून नेतात. ती कुजायला महिनोन् महिने घेते, नत्र सावकाश सुटतं, म्हणून त्या हंगामाचं शेणखत कमी करू नका.