आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतोय, फॉल्ट कुठे आहे ते कसं शोधायचं?

एमसीबी (एकेका लाइनचा छोटा स्विच) पडत असता तर ओव्हरलोड नाहीतर शॉर्ट म्हटलं असतं, पण टेस्ट बटणवाला आरसीसीबी पडतोय म्हणजे कुठेतरी करंट लीक होतोय, घरातला बहुतेक 30 मिलीअँपिअरचा असतो त्यामुळे थोडीशी गळतीपण पुरते. बायपास मात्र अजिबात करू नका प्लीज, शॉकपासून तोच वाचवतो.

सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चालू करत जा, ज्याला पडेल त्या लाइनवरचे सगळे प्लग उपसून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि न्यूट्रल कुठे अर्थला टेकला तरी हा पडतो, बरेच जण इथेच फसतात. मग एकेक वस्तू लावून बघा. माझा पहिला संशय गिझरवर, कॉइलला चीर गेली की हमखास हेच होतं, त्यानंतर वॉशिंग मशीन, इस्त्री.

सगळं काढूनही पडत असेल तर बहुतेक वायरिंगमध्येच दोष आहे, ओल आलेल्या भिंतीतले किंवा बाहेरचे पॉइंट संशयास्पद. तिथे स्वतः हात घालू नका, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा, नुसत्या टेस्टरने ही गळती सापडत नाही.