न रडणारा मुलगा

प्रश्न : अल्बेर काम्यूची १९४२ची ‘द स्ट्रेंजर’ ही कादंबरी वाचतेय. आईच्या मयतीत न रडणारा मर्सो मला दगडच वाटतो. पुस्तक सोडून देऊ का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, सोडू नका. दुसरा भाग गाठाच. मर्सोवरचा खटला खुनाचा, पण सरकारी वकील धरून बसतो ते आईच्या प्रेताशेजारी घेतलेली दुधाची कॉफी अन् ओढलेली सिगारेट! तिथं माझ्या अंगावर काटा आला. आमच्या अंबाजोगाईतही दहाव्याला कुजबुज असतेच, ‘थोरला रडला नाही बघ.’ मर्सो निर्दोष नाही. त्यानं मारलेल्या अरबाला लेखक नावसुद्धा देत नाही, हे मला आजही खुपतं. पण तो दुःखाचं सोंग आणत नाही. कोर्टाचं प्रकरण वाचून झालं की मला पुन्हा लिहा.