लघवीत प्रथिनं आल्यानंतर

प्रिय मुली,

परवा ओटीवर बसून तू विचारलंस, "बाई, उशिरा औषध सुरू केलेला गट पेपरमधून वगळला तर चालेल का?" तेवढ्यात वळवाची सर आली, आमसुलं आत घ्यायची धांदल उडाली आणि उत्तर राहून गेलं. नाही चालणार.

एनझेडबी-डब्ल्यू जातीच्या उंदरांच्या माद्यांना ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार आपोआप होतो, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात मूत्रपिंडं बिघडून लघवीत प्रथिनं येतात. तू एका गटाला तिसऱ्या महिन्यापासून औषध म्हणून अँटिबॉडी दिलीस, दुसऱ्याला प्रथिनं आल्यावर. पहिल्याचे ग्लोमेरुलस, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्या, स्वच्छ. दुसऱ्यातल्या काही वाचल्या, काही गेल्या. म्हणून गाइड म्हणतात, पहिलाच छापू.

तू श्रीवर्धनची. पोफळीवर बोर्डो मिश्रण पावसाआधी मारतात, हे तुला शिकवायला नको. कोळेरोगाने सुपारी गळायला लागल्यावर मारून कितीसं हाती लागतं? पण पाऊस कधी लागणार याचा आपल्याला अंदाज असतो. ल्युपसला मृग नक्षत्र नाही. पेशंट मुलगी येते ती पाय सुजल्यावर, लघवीला फेस आल्यावर. बायॉप्सी होते तेव्हा आत इम्यून कॉम्प्लेक्स, म्हणजे अँटिबॉडींचे गठ्ठे, साचलेले असतात, कधी वणही पडलेले असतात. तिच्या कामाचा तुझा दुसरा गट आहे, पहिला नाही. प्रथिनं आल्यानंतर काय होतं, एवढंच तिला हवंय.

मीही पस्तिशीत दहाव्या आठवड्यापासून औषध दिलं होतं. आलेख झकास आले. उशिराचा गट होता, सहाच माद्यांचा. संख्या अपुरी म्हणून मी तो वहीत ठेवला. अपुरी होतीच, हे आजही सांगेन. अनुदान संपत आलं होतं, वाढीव उंदरांसाठी नीतिसमितीकडे पुन्हा कागद करायचे होते. पण चार ओळी लिहिता आल्या असत्या. पुढे एका मुलाने माझ्या पेपरवर विसंबून आजारी उंदरांना तेच औषध देण्यात दोन वर्षं घालवली. त्याने मला पत्र लिहिलं. मी उत्तर दिलं नाही.

उंदीर आधीच बरंच लपवतो गं. सीडी-४० लिगंड या प्रतिकारपेशींवरच्या रेणूविरुद्धच्या अँटिबॉडीने उंदरांची मूत्रपिंडं सावरली आणि माणसांच्या चाचणीत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. आपल्या प्लेटलेटवरचा, अँटिबॉडीला धरणारा एक एफसी रिसेप्टर उंदराच्या प्लेटलेटवर नसतोच. त्याने लपवलेलं पुरे आहे, आपण आणखी भर घालायची का?

दुसरा गट छाप. आणि नीट बघ, गेलेल्या माद्यांना औषध सुरू झालं तेव्हा लघवीतली प्रथिनं मोजायची पट्टी किती दाखवत होती? ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला सुरू केलेली आणि ३०० ला सुरू केलेली एकाच रकान्यात कोंबली असशील तर चित्र गढूळच दिसणार. हे मी तुला विचारायला हवं होतं, तू मला नाही.

रविवारी ये. स्लाइडचा डबा आण, लेबलांवर कागद चिकटवून. कोणती कुठल्या गटातली ते सांगायचं नाही. दमट हवेने लेन्सवर बुरशी धरते, ती मी पुसून ठेवते.

तुझ्या बाई