सायलेन्सरचे गंजलेले नट सोडवताना
सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) जोडणारे नट उष्णतेने आणि पावसाच्या पाण्याने घट्ट धरून बसतात. त्यांवर पहिल्याच दिवशी जोर लावू नका, कारण तिथला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) हेडमध्येच तुटला, तर तो काढणे फार किचकट होते. इंजिन थंड असताना आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी सहा कोनांचाच गोटी पाना (सॉकेट) नटावर पूर्ण बसवा. नट आधी किंचित आवळून पाहा. करकर आवाज येऊन तो हलला, की पाव फेरा सोडा, पुन्हा थोडा आवळा आणि तेल द्या. पाना फिरतो आहे, पण हाताला रबरासारखा ताण जाणवतो, असे वाटल्यास ताबडतोब थांबा, कारण तेव्हा नट सुटत नसून स्टड पिळला जात असतो.