एकट्याने कॅटमरानची डोलकाठी उभी करता येते का?

तुम्ही विचारलंय, १६ फुटी बीच कॅटची (किनाऱ्यावरून सोडायच्या छोट्या कॅटमरानची, म्हणजे दोन अरुंद सांगाड्यांच्या, 'हल'च्या, शिडाच्या बोटीची) डोलकाठी एकट्याने उभी करता येईल का, आणि त्यासाठी विंच (दोर ओढून गुंडाळणारं यंत्र) कुठला घ्यावा. येते. मी करतो. 'अंगात दम असेल तरच' असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. हेच वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकलं.

आमची हॉबी १६ (हॉबी कंपनीची अशीच बोट) दोघांत मिळून होती. भागीदार धिप्पाड. ट्रॅम्पोलीनवर, म्हणजे दोन हलमध्ये ताणलेल्या कापडावर, उभा राहून तो डोलकाठी डोक्यावर घ्यायचा, चार पावलं पुढे टाकायचा, की ती उभी. काठी पुढून धरून ठेवणारी तार मी अडकवायचो. एकदा तो आला नाही, म्हणून मी त्याच्याच पद्धतीने एकट्याने उचलली. अर्ध्याहून जास्त वर गेली होती. वजन आता कमी झालंय असं वाटत होतं, तेवढ्यात ती डावीकडे कलली. हात तिच्याखाली होते, पण बाजूने धरायला काहीच नव्हतं. उजवीकडची तार तेव्हाही कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सैल लोंबत होती, ती मला अजून दिसते. बुंध्याखालची ओतीव बैठक कडाडली आणि ८ मीटरची काठी डाव्या हलच्या कडेवर आदळली. भागीदार म्हणाला, "झेपत नाही तर एकट्यानं जायचंच कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन बसलो. बाजूच्या तारा हलला जिथे अडकतात ती जागा डोलकाठीच्या बिजागरीच्या मागे असते. त्यामुळे काठी मागून वर येताना त्या तारा जवळजवळ शेवटपर्यंत सैलच राहतात. त्या ताणल्या जाईपर्यंत बाजूचा सगळा तोल बुंध्याच्या एका पिनवर असतो. तिथे कुणाच्या दंडाचा काय संबंध? भागीदार वाचत होता कारण दुसरं टोक सांभाळायला मी होतो.

यावर उपाय म्हणजे दोन तात्पुरते दोर. काठीवर साधारण २ मीटर उंचीवर बांधायचे आणि पुढच्या आडव्या बीमच्या दोन्ही टोकांना न्यायचे, म्हणजे बिजागरीच्या पिनच्या रेषेत. मग काठी आडवी असो की उभी, त्यांची लांबी फारशी बदलत नाही आणि ती बाजूला जात नाही. लांबी ठरवताना, पहिल्या वेळी, मदतीला कुणीतरी घ्या.

आता ओढायचं. काठी आडवी असताना दोर सरळ पुढे ओढलात तर ती नुसती बुंध्यात दाबली जाते, वर येत नाही. म्हणून बुंध्याशी काटकोनात २ मीटरचा जिन पोल (दोराला ओढायचा कोन देणारा आखूड खांब) लावायचा, त्यालाही बाजूचे दोर हवेत. ८ मीटरच्या काठीचं वजन सुमारे ४ मीटरवर धरा. पोलच्या टोकाला काटकोनात ओढलं तर सुरुवातीला वजनाच्या दुप्पट ताण लागतो. हलच्या पुढच्या टोकाकडे तिरकं ओढलं तर तो तिपटीजवळ जातो. चारपदरी टॅकलने (कप्प्यांतून ओवलेल्या दोराने) हाताला वजनाच्या पाऊणपट येतो, वर घर्षण. काठी वर येईल तसा तो उतरत जातो. विंच कुठला घ्यायचा ते तुमच्या ट्रेलरवर अवलंबून आहे. फक्त हात सोडला तरी जागच्या जागी थांबणारा, ब्रेकवाला घ्या, कारण पुढची तार अडकवायला दोन्ही हात मोकळे लागतात.

वारा मागून हवा, म्हणजे काठी पुढे, बाजूच्या तारांवर रेलून राहते. आडव्या वाऱ्यात हे करूच नका. ट्रेलरची चाकं अडवा आणि बोट डावी-उजवीकडे कललेली नाही ना, ते बघा.

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: वर बघा. विजेच्या तारा असतील तर बोट दुसरीकडे हलवा. अॅल्युमिनियममधून वीज जाते, कार्बनमधूनही जाते. अशाच अपघातांमुळे हॉबीने काठीचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं केलं. तुमची काठी जुनी असेल तर टोक नक्की तपासा.

भागीदाराने पुढे आपला वाटा मला विकला. दोर मात्र त्याने शेवटपर्यंत लावू दिले नाहीत, 'बायकी काम' म्हणायचा. आता मी एकटाच लावतो, पंचवीस मिनिटं लागतात. बैठक नवी बसवल्यापासून तिच्यावर एकही तडा नाही.

आणि हो, तुमच्या बुंध्याला बिजागरीची पिन बसते का, ते आधी पाहा. बसत नसेल तर यातलं काहीच करू नका.