कैरी फोडल्याशिवाय पेपर लिहू नका

कॉलेजांत शोधनिबंध जमा करायचे दिवस जवळ आले की या सदराच्या टपालात बीटी कपाशीची पत्रं वाढतात. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत. ज्या प्रश्नात शेतात उतरावं लागतं, त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी 'जीएम पिकांचे फायदे व तोटे' हा विषय दिलाय. नेटवर जे सापडतं तेच सगळ्यांच्या पेपरात असतं. वेगळं काय करता येईल? घरची शेती आहे, कपाशी दारातच आहे. (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : दारात कपाशी असताना फायदे-तोटे कशाला लिहिता? ते निबंधाचं शीर्षक झालं, संशोधनाचा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मोजून देता येईल, आणि ते 'नाही' असंही येऊ शकेल.

भारतात व्यापारी लागवडीखाली असलेलं जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं, पीक एकच, कापूस. मार्च २००२ मध्ये पहिल्या बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली. त्यांत क्राय१एसी हे एकच बीटी जनुक होतं. २००६ मध्ये क्राय२एबीची जोड असलेलं बोलगार्ड-२ आलं. दोन्ही जनुकं बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूची; त्यांच्यामुळे झाडात बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार होतं. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्याला जुमानणं सोडलं, मग दुसऱ्यालाही, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर कैऱ्या, म्हणजे कपाशीची हिरवी बोंडं, आतून पोखरल्या गेल्या. तुमच्या पेपरला इथूनच वाट आहे. प्रश्न असा करा : 'अमळनेर आणि चोपडा तालुक्यांत पूर्वहंगामी बागायती आणि कोरडवाहू बोलगार्ड-२ कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीच्या नुकसानीत फरक आहे का?'

फरक का असावा, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात सांगा. मागच्या हंगामाच्या पऱ्हाटीत (वाळलेल्या झाडांत), किडक्या बोंडांत आणि जिनिंगच्या सरकीत अळ्या दडून राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचे पतंग बाहेर पडतात. तेव्हा शेतात पाते-फुलं नसतील, तर अंडी घालायला जागा न मिळता ते मरून जातात. ठिबकवर मे महिन्यात लावलेली कपाशी त्यांना नेमकी वेळेवर पाते देते. पूर्वहंगामी लागवड टाळा असं सांगतात, त्यामागचं कारण हेच.

आता काम. १२ शेतं निवडा, ६ बागायती आणि ६ कोरडवाहू. गाडी लावायला सोपी म्हणून रस्त्यालगतची शेतं घेऊ नका. गावातल्या कपाशी उत्पादकांची यादी करून चिठ्ठ्या टाका. बांधापासून ५ मीटर आत जाऊन शेताचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागा ठरवा. प्रत्येक जागी ४ झाडं आणि प्रत्येक झाडाची एक हिरवी कैरी, म्हणजे एका शेताच्या २० कैऱ्या. पिकाच्या वयाच्या ७५, ९०, १०५ आणि १२० व्या दिवशी असं चार वेळा करा. एकूण ९६० कैऱ्या होतात. दोघींनी मिळून होण्यासारखं काम आहे. शेतमालकाला विचारल्याशिवाय मात्र एकही तोडू नका.

कैरी कोणती घ्यायची, इथे बहुतेक जण चुकतात. फूल पडून साधारण १४ ते २० दिवस झालेली, दाबली तर घट्ट पण सुरीने सहज चिरली जाईल अशी. बाहेरून किडकी दिसते म्हणून ती निवडू नका आणि चांगली दिसते म्हणून सोडूही नका. गुलाबी बोंडअळी लहान असतानाच आत शिरते आणि कैरी वाढताना ते बारीक छिद्र बुजून जातं. ठिपक्यांच्या किंवा अमेरिकन बोंडअळीचं भोक बाहेरून दिसतं, हिचं दिसत नाही. म्हणून प्रत्येक कैरी फोडायची. आत पांढरी, तपकिरी डोक्याची बारीक अळी दिसेल किंवा गुलाबी झालेली मोठी. अळी निघून गेली असली तरी खूण राहते : सालीच्या आतल्या बाजूला गाठीसारखा उंचवटा, कप्प्यांच्या मधल्या पडद्याला आरपार भोक, पोखरलेली सरकी, डागाळलेली रुई. यांपैकी काहीही दिसलं तर ती कैरी 'नुकसानग्रस्त' धरा, आणि जिवंत अळ्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात घाला. त्याच पाच जागांवर फुलं पाहून डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या रेशमाने शिवल्यासारख्या होऊन न उमललेली फुलं, मोजून ठेवा.

कैऱ्या त्याच संध्याकाळी फोडा. प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवल्या तर घाम सुटतो, अळ्या बाहेर येतात, आणि कोणती अळी कोणत्या कैरीतली हे सांगता येत नाही. कापडी किंवा कागदी पिशवी वापरा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाका, बॉलपेनची शाई ओलीने पसरते.

वही घेऊन शेतकऱ्याला विचारायच्या गोष्टी थोड्याच : पेरणीची तारीख, वाण, मागच्या वर्षी फरदड घेतली होती का (वेचणीनंतरही तेच पीक पाणी देऊन पुढे ठेवलं होतं का), पऱ्हाटी कधी उपटली, आणि फवारण्या किती. फवारण्यांचे दोन रकाने करा, रसशोषक किडींसाठी वेगळा आणि बोंडअळीसाठी वेगळा. बीटी प्रथिन मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढऱ्या माशीवर चालत नाही. सगळ्या फवारण्या एकत्र केल्या की 'बीटी असूनही फवारण्या घटल्या नाहीत' असा चुकीचा निष्कर्ष हमखास निघतो. बिगर-बीटीच्या ओळी लावल्या होत्या का, हेही विचारा. पूर्वी ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. ती बऱ्याच ठिकाणी बांधावरच राहायची, कधी पेरलीच जायची नाही. आता मिसळलेलं ४७५ ग्रॅमचं पाकीट येतं.

आकडेमोडीचं एकच सांगतो, कारण परीक्षक इथेच पकडतात. तुमच्याकडे १२ शेतं आहेत, म्हणजे एका फेरीत १२ आकडे आहेत, २४० नव्हेत. एकाच शेतातल्या २० कैऱ्या एकमेकींच्या शेजारणी असतात, त्या स्वतंत्र नमुने नाहीत. प्रत्येक शेताची टक्केवारी काढा आणि ६ विरुद्ध ६ अशी तुलना मॅन-व्हिटनी या दोन लहान गटांसाठीच्या संख्याशास्त्रीय चाचणीने करा. एवढ्या कमी शेतांत फरक मोठा असेल तरच दिसेल. नाही दिसला तर 'फरक आढळला नाही' असं लिहा; 'फरक नाही' असं लिहू नका. तुलनेसाठी शिफारशीतली आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथून फवारणी करावी लागते तो आकडा, हाताशी ठेवा : २० पैकी २ कैऱ्यांत अळी, म्हणजे १० टक्के, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग. आणि मर्यादांत हे कबूल करा की बागायती आणि कोरडवाहू शेतांत फक्त पेरणीची तारीख वेगळी नसते. पाणी, खत, जमीन सगळंच वेगळं असतं.

प्रश्न : माझ्या पेपरात शेतकऱ्यांनी सांगितलेलं उत्पादन एकरी ८ क्विंटल, म्हणजे हेक्टरी जवळपास २००० किलो आलं. देशाची सरासरी ४५० किलोच्या आसपास वाचली. मी 'तालुक्याची उत्पादकता देशाच्या चौपट' असं लिहिलं, तर गाईडने लाल शाईने फुली मारली. चूक काय झाली? (टी. वाय. चा विद्यार्थी, शिंदखेडा)

उत्तर : फुली योग्य आहे. शेतकरी सरकीसकट कापूस मोजतो, सरकारी उत्पादकतेचा आकडा सरकी काढलेल्या रुईचा असतो. तुमचे ८ क्विंटल × २.४७१ = हेक्टरी १,९७७ किलो कापूस. जिनिंगमध्ये त्याची साधारण ३४ टक्के रुई निघते, म्हणजे ६७२ किलो. चौपट नव्हे, दीडपट. ठिबकवरच्या शेतांचं एवढं असू शकतं. एकरी ५ क्विंटलचं कोरडवाहू शेत याच हिशेबाने ४२० किलोवर येतं, देशाच्या सरासरीच्या जरा खाली. तक्त्याच्या वर 'कापूस' की 'रुई' ते लिहा. गाठींतला आकडा वापरत असाल तर एक गाठ १७० किलोची. शेतकरी 'एकरी' म्हणतो तेव्हा त्यात विहीर, गोठा, बांध धरलाय का, तेही विचारा.

प्रश्न : एका पेपरात बीटीने नफा वाढला असं आहे, दुसऱ्यात उलट. सेमिनारसाठी मैत्रिणीने गाठी आलेल्या उंदरांचे फोटोही दिलेत. कोणाचं खरं धरायचं? (बीएस्सी, भुसावळ)

उत्तर : फोटो आधी काढून टाका. ते २०१२ च्या, उंदरांना जीएम मका खायला घालणाऱ्या सेरालिनी गटाच्या प्रयोगातले असणार. गटात फक्त १० उंदीर, आणि जात अशी की म्हातारपणी तिच्यात गाठी एरवीही होतात. तो पेपर छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१३ मध्ये तो मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापला गेला. मागे घेतलेला पेपर सर्चमध्ये अजूनही वर येतो. म्हणून कुठलाही पेपर वापरण्याआधी नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर 'मागे घेतला' असा शेरा आहे का ते बघा.

बाकीचा विरोध वाटतो तेवढा नाही. २०१४ मध्ये क्लूम्पर आणि कैम यांनी जीएम पिकांवरचे जगभरातले १४७ अभ्यास एकत्र केले. त्यांत उत्पादनात सरासरी २२ टक्के वाढ, कीटकनाशकात ३७ टक्के घट आणि नफ्यात ६८ टक्के वाढ आली. २०२० मध्ये क्रांती आणि स्टोन या संशोधकांनी भारताच्या कापसाची वीस वर्षांची आकडेवारी पाहून म्हटलं की उत्पादनवाढीचं बरंचसं श्रेय खत आणि इतर कारणांकडे जातं, आणि पुढे कीटकनाशकांचा खर्च पुन्हा चढला. पहिल्यात बरेच अभ्यास बीटीच्या सुरुवातीच्या वर्षांचे आहेत. दुसऱ्यात अळीने प्रतिकारशक्ती मिळवल्यानंतरची वर्षंही येतात. तुमच्या पेपरात 'तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत' एवढ्यावर थांबू नका. कोणती वर्षं, कोणता प्रदेश, तुलना कशाशी, असे तीन रकाने करून दोन्ही पेपर शेजारी-शेजारी मांडा. गाइड तोच तक्ता आधी वाचेल.

प्रश्न : आमच्याकडे तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी, 'चोर बीटी', बरेच जण लावतात. त्यावर सर्वेक्षण केलं तर? (एमएस्सी, शिरपूर)

उत्तर : विषय जिवंत आहे, पण या बियाण्याला परवानगी नाही, त्यामुळे तुमची वही कुणाच्या अंगावर येऊ शकते. नाव, गट नंबर, मोबाइल काहीच लिहू नका. 'शेत क्र. ७' पुरे, गावाऐवजी तालुका लिहा. 'तुम्ही लावता का' असं विचारलंत तर खोटं उत्तर येईल. 'गावात साधारण किती जण लावत असतील' असं विचारा. असं झाड ओळखायला, पानाचा तुकडा बफर द्रावणात कुस्करून पट्टी बुडवायची चाचणी मिळते. नियंत्रण-रेघ (पट्टी चालू असल्याचं दाखवणारी) उमटली नाही तर ती पट्टी बाद. पुन्हा करा, 'नकारात्मक' लिहू नका. बियाणं कॉलेजात आणू नका. शिक्षेबद्दल नेटवरचं 'पाच वर्षं कैद, एक लाख दंड' हे वाक्य उचलू नका. पर्यावरण संरक्षण कायद्याचं ते कलम २०२३ च्या जन विश्वास कायद्याने बदललंय.

प्रश्न : इंग्रजी पेपर मी स्वतः मराठीत आणला, तरी सॉफ्टवेअरने ३४ टक्के साम्य दाखवलं. आता? (नंदुरबार)

उत्तर : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायला सांगतात. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीत धरत नाहीत, तेव्हा अहवाल नीट गाळून पुन्हा काढा, आकडा खाली येईल. पण आकडा शून्यावर आला तरी भाषांतर करून आपलं म्हणून देणं ही उचलेगिरीच. ती सॉफ्टवेअरला दिसली नाही तरी परीक्षकाला दिसते, कारण मराठी वाक्य इंग्रजीच्या चालीने चालत असतं. मूळ पेपर मिटून ठेवा, आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा, मग उघडून फक्त आकडे पडताळा. 'तीन दिवसांत छापून देतो, पैसे भरा' म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. यूजीसीची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून त्यांचे मेल जास्तच येतात.

प्रश्न : टिश्यूकल्चरची केळी जीएम असते का? मी तसंच लिहिलंय. (रावेर)

उत्तर : नाही, खोडून टाका. ग्रँड नैन या केळीच्या वाणाचं टिश्यूकल्चर रोप म्हणजे त्याच झाडाची नक्कल; बाहेरचं जनुक त्यात घातलेलं नसतं. संकरित बियाणंही आपोआप जीएम होत नाही. मर रोगाच्या टीआर-४ प्रकाराला तोंड देणाऱ्या जीएम केळीला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये परवानगी दिली, ती आपल्याकडची नव्हे. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली भाताची दोन वाणं जनुक-संपादित आहेत, म्हणजे बाहेरचं जनुक न घालता भाताचंच जनुक बदललेली. त्यांना वेगळा नियम लागतो, म्हणून पेपरातही वेगळा परिच्छेद द्या.

प्रश्न : भरताच्या वांग्यातही बीटी आलंय असं गावात म्हणतात. पेपरात घालू का? (यावल)

उत्तर : घालू नका. शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसी या केंद्राच्या जीएम मंजुरी समितीने हिरवा कंदील दिला, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला केंद्राने त्यावर स्थगिती आणली. ती अजून उठलेली नाही. बांगलादेशने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. बामणोदकडच्या वांग्याची ओळख म्हणजे २०१६ चं 'जळगाव भरीत वांगी' हे भौगोलिक मानांकन, आणि ते पारंपरिक वाणाला आहे. गावातली चर्चा तुम्हाला पेपरात हवीच असेल, तर तिला 'शेतकऱ्यांच्या समजुती' या मथळ्याखाली घ्या आणि किती जणांपैकी कितींनी तसं सांगितलं ते लिहा.